बहिणीची मानसोपचारातली फेलोशिप: बंगळूरला अजून एक वर्ष की रेल्वे लाईन्सला पाटी?

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. घरात दिवाळीपासून एकच विषय चाललाय, म्हणून इथे मांडतो. धाकटी बहीण मानसोपचारात एमडी झाली, बॉन्डचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्षही संपत आलंय. वडिलांनी रेल्वे लाईन्सला एक जागा बघून ठेवलीय. खाली ओपीडी, वर दहा खाटा. आता बाईसाहेब म्हणतात, बंगळूरला निम्हान्समध्ये (मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत) एक वर्षाची फेलोशिप करायची. एमबीबीएस, इंटर्नशिप, मग एमडीची तीन वर्षं, मग बॉन्ड. वडील विचारतात, "अजून शिकायचं राहिलंय तरी काय?" मी मागावरचा माणूस, मला उत्तर देता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञाला पुढे पोटविषयाचं शिक्षण खरंच लागतं का? सोलापुरात त्याचा उपयोग काय? आणि शेवटी हातात काय पडतं, डिग्री की नुसता कागद?
(लग्नाचे सल्ले नकोत. ते घरात फुकट मिळतात.)

कडक_भाकरी
काय बे, सोलापुरात डोक्याच्या डॉक्टरकडं जायचं म्हणलं तर लोक गल्ली बदलून जातात, अन् तू त्यातला पोटडॉक्टर विचारायलाय. जागा घेऊन टाक आधी, भाव वाढायलाय.

मनवैद्य
टॉवेलवाला, मी याच विषयातला, पश्चिम महाराष्ट्रातच प्रॅक्टिस करतो. घरच्यांचा गोंधळ नेहमी एकाच ठिकाणी होतो, तो आधी सोडवू.

एमडी किंवा तिच्या तोडीची डीएनबी झाली म्हणजे तुमची बहीण पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ आहे. औषधं लिहायला, रुग्ण दाखल करायला, दवाखाना टाकायला आणखी काही लागत नाही. त्यापुढची पदवी म्हणजे डीएम, तीन वर्षांची. आपल्या देशात मानसोपचारात डीएम मोजक्याच विषयांत होते, मुख्यतः बाल व किशोर, व्यसन, वृद्ध. निम्हान्स, चंदीगडचं पीजीआय, दिल्लीचं एम्स, लखनौचं केजीएमयू अशा मोठ्या सरकारी संस्थांची नावं त्यात येतात. जागा अगदी थोड्या, प्रवेश परीक्षा वेगळी. आणि एम्सचं व्यसनोपचार केंद्र दिल्लीत नसून गाझियाबादला आहे, हे काही जणांना सामान घेऊन उतरल्यावर कळतं.

फेलोशिपचं प्रकरण निराळं. निम्हान्सची पोस्ट डॉक्टरल फेलोशिप एक वर्षाची आणि विषय बारीक: न्यायवैद्यक मानसोपचार, ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हापुन्हा), स्त्रियांचं मानसिक आरोग्य, सामुदायिक मानसोपचार, इतर वॉर्डांतल्या रुग्णांचा मानसोपचार (याला आम्ही कन्सल्टेशन-लिएझन म्हणतो), विजेच्या सौम्य प्रवाहाने किंवा चुंबकाने मेंदूला चालना देण्याचे उपचार वगैरे. पाटीवर डीएम लिहिता येत नाही. पण जागा स्पर्धेतून मिळते, आणि वर्षभर एकाच प्रकारचे अवघड रुग्ण अनुभवी माणसाच्या नजरेखाली बघायला मिळतात. वडिलांना हेही सांगा की तिथे स्टायपेंड मिळतो, खासगी सीटसारखी फी ओतायची नाही.

आता लागतं का? दवाखाना चालायला नाही लागत.

टॉवेलवाला
म्हणजे आमच्याकडे साध्या मागाशेजारी जकार्ड बसवतात तसं? टॉवेल दोन्हीवर निघतो, पण नक्षीची चादर हवी तर जकार्ड लागतं.

मनवैद्य
साधारण तसंच. फक्त जकार्ड बसवल्यावर गिऱ्हाईक साधा टॉवेलच मागत राहिलं तर काय करायचं, हे आधी ठरवा.

बाळीवेस_जीपी
मी जुना फॅमिली डॉक्टर, माझं मत उलटं आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. त्यात दर शंभर प्रौढांत दहाहून जास्त जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. अशा वेळी शिकून तयार झालेली मुलगी आणखी एक वर्ष बाहेर बसवायची?

माझ्या बाकड्यावर एकाच घरातला आजोबा रस्ता विसरतो म्हणून येतो, सून झोप येत नाही म्हणून, नातू मोबाईल काढून घेतला की डोकं आपटतो म्हणून. त्यांना तीन तज्ज्ञ नकोत, सगळ्यांचं ऐकून घेणारा एक हवाय. सोलापूरला जनरल माणसं हवीत. शहाणपण ओपीडीत येतं, वर्गात नाही.

विशेष_आई
जीपी काका, आदर ठेवून असहमत.

माझा मुलगा स्वमग्न आहे. शहरात चांगले बालरोगतज्ज्ञ आहेत, मानसोपचारतज्ज्ञही आहेत, सगळ्यांनी आपापल्या परीने मदत केली. पण मुलांचंच काम करणारं माणूस शोधायला पुणं गाठावं लागलं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, मांडीवर पोरगा, डब्यात त्याला एकच ठरावीक खिडकी लागते. तिथे बसलेल्या काकांना रोज नव्याने समजवायचं. पुण्यात स्टेशनवरून रिक्षा, रिक्षाच्या हॉर्नने तो कान दाबून ओरडायला लागला की डॉक्टरपर्यंत पोचेतो आम्ही दोघं पिळून निघालेलो. आत गेल्यावर वीस मिनिटं, आणि संध्याकाळच्या हुतात्माने परत. पुढे त्याच्या चंचलपणासाठी मिथाइलफेनिडेट लिहून दिलं. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं म्हणून सोलापुरात दुकानदार ठेवायलाच तयार नसायचे.

तर बाल मानसोपचार शिकून कुणी इथे बसलं तर माझ्यासारख्या कितीतरी जणींची गाडीची यातायात वाचेल. मात्र डॉक्टर एकटी काही करू शकत नाही. स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षिका ही माणसं जवळपास हवीत. ती नसतील तर शिकलेलं सगळं प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर संपतं.

शेंगाचटणी
ताई, हुतात्मात आता गर्दी कमी असेल ना? फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत पण आहे.

विशेष_आई
वंदे भारतच्या खिडक्या उघडत नाहीत हो. आमच्या साहेबांना वारा लागतो.

कडक_भाकरी
साहेब 😄 पोराला आमचा नमस्कार सांगा.

टेक्सासकर
मूळचा सोलापूरचा (हरिभाई शाळा), सध्या ह्यूस्टनजवळ. इकडे चित्र वेगळं आहे. मानसोपचाराची रेसिडेन्सी, म्हणजे तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण, चार वर्षांची. त्यापुढे बाल व किशोर मानसोपचाराची फेलोशिप दोन वर्षांची, ती तिसऱ्या वर्षानंतरही सुरू करता येते म्हणून एकूण पाचात भागतं. व्यसन, वृद्ध, न्यायवैद्यक, कन्सल्टेशन-लिएझन या एकेक वर्षाच्या. प्रत्येकीनंतर बोर्डाची परीक्षा. इंग्लंडात निराळं: तीन वर्षं कोअर ट्रेनिंग, एमआरसीसायक ही परीक्षा, मग तीन वर्षं हायर ट्रेनिंग, आणि पोटविषय त्या हायर ट्रेनिंगमध्येच येतो.

तिला बाहेर यायचं असेल तर आत्ताच ठरवावं. भारतातली एमडी इथे सहसा धरत नाहीत, रेसिडेन्सी पहिल्यापासून करावी लागते.

भुईकोट_बुरूज
झालं, आला परदेशचा एजंट. सोलापूरच्या पैशावर शिकायचं अन् ह्यूस्टनला बसायचं.

टेक्सासकर
एजंट नाही हो. विचारलं नव्हतं तरी सांगितलं, एवढीच चूक. आणि कोटणीसांनाही हेच म्हणणार का? ते पण सोलापूरचेच.

भुईकोट_बुरूज
कोटणीस १९३८ ला युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ ला तिथेच वारले. फेलोशिपला गेले नव्हते बे.

धागापाल
मंडळी, मूळ प्रश्न मानसोपचाराच्या फेलोशिपचा आहे. कोटणीस आणि वंदे भारत यांच्यासाठी वेगळे धागे आहेत.

रात्रपाळी
मीही मानसोपचारतज्ज्ञ, एमडीनंतर कन्सल्टेशन-लिएझनमध्ये वर्षभर काम शिकले. "उपयोग काय" याचं उत्तर एका प्रसंगानेच देते. रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हाडांच्या वॉर्डात पन्नाशीचा शेतकरी. गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन छान झालं, पहिले दोन दिवस माणूस गुमान पडून होता. तिसऱ्या रात्री सलाईन उपसून उठला. म्हणे, "लाईट आलीय, दारं धरायला जायचंय." खाटेची दांडी पाण्याचा कॉक समजून फिरवायला लागला. हात थरथरतायत, गादी घामाने भिजलेली, चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचतोय. बायको म्हणते, भूल मेंदूत गेली. चुलता म्हणतो, करणी. वॉर्डातला रेसिडेंट म्हणतो, "सायकियाट्रीला कॉल लावा, पेशंट त्यांच्याकडे हलवा."

माणूस रोजचा पिणारा. अपघात झाल्यापासून दारूचा थेंब नाही, आणि भरती करताना कुणी विचारलंच नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, बहुधा शेवटच्या घोटानंतर ४८ ते ७२ तासांत येतो, आणि नीट सांभाळला नाही तर जीव जातो. उपचार एमडीला येतोच: बेन्झोडायझेपीन गटातलं शामक औषध, आणि ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व), नाहीतर मेंदूला कायमची इजा होते.

मग वर्षभर शिकले काय? यकृत खराब असेल तर डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साईड बाजूला ठेवून लोराझेपामकडे का जायचं आणि किती जपून, हे रोज रात्री करून हातात बसलं. अशा रुग्णाला वेड्यांच्या वॉर्डात ढकलू नका, हे सर्जनला त्याचा अपमान न करता कसं सांगायचं. आणि सगळ्यात कामाची गोष्ट: भरतीच्या कागदावर "दारू किती, शेवटची कधी" या दोन ओळी छापून घ्यायला अधीक्षकांच्या मागे लागणं. त्या दोन ओळींनी माझ्या रात्रीच्या कॉलांपेक्षा जास्त माणसं वाचली असतील.

तांड्यावरचा
रात्रपाळी मॅडम, हे वाचून आमच्याकडचे चार चेहरे डोळ्यांसमोर आले. मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसरा धंदा लावून द्यायचा प्रयत्न केला. गाळणारे सुधारायला निघाले, पण पिणाऱ्यांचं काय? पुण्यात अवचट दांपत्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे, इथून माणसं तिकडे पाठवतो. बहिणीला म्हणावं व्यसनाचा विषय घे, पेशंट मी आणून देतो.

विडी_घरकुल
माझं वेगळंच म्हणणं. आमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायका तेलुगू बोलतात. त्या "मला डिप्रेशन आहे" असं कधी म्हणत नाहीत. डोकं दुखतं, छातीत आग होते, हातापायात मुंग्या येतात, पोरं झाल्यापासून अंगात ताकद नाही, हे सांगतात. मग रक्ताच्या तपासण्या, कॅल्शियम, परत तपासण्या. अक्कलकोटकडच्या बायका हेच सगळं कन्नडमध्ये सांगतात. तुमच्या बहिणीने आधी तेलुगू शिकावं. मी फुकट शिकवते.

टॉवेलवाला
तेलुगू तिला येतं, आमच्या कारखान्यात निम्मे लोक पद्मशाली आहेत. कन्नडही थोडंफार.

विडी_घरकुल
मग अर्धी फेलोशिप झालीच की.

फसलेला_फेलो
एक गंभीर सूचना. "फेलोशिप" नावाने काहीही चालतं. मी एमडीनंतर एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात 'फेलो' म्हणून रुजू झालो, रुग्णालयाचं नाव घेत नाही. कामं काय? रात्रीची ड्यूटी, डिस्चार्ज कार्ड, आणि वरिष्ठांचे पेशंट पुढच्या तारखेला ढकलणं. ज्या थेरपीसाठी गेलो, तिचं सुपरव्हिजन 'पुढच्या महिन्यापासून' होतं, आणि तो पुढचा महिना आलाच नाही. शेवटी फ्रेम करायला सर्टिफिकेट मिळालं. टेबलाच्या खणात आहे.

म्हणून जाण्याआधी आधीच्या दोन फेलोंना फोन करायचा. विचारायचं की आठवड्यात वरिष्ठ किती वेळ सोबत बसतात, केसेसची नोंदवही कोण तपासतं, स्वतःच्या हाताने काय करायला मिळतं. उत्तर देताना समोरचा चाचरला तर समजून जायचं. निम्हान्सबद्दल माझी तक्रार नाही, तिथले दोन मित्र खूश आहेत.

बाळीवेस_जीपी
बघा, हेच म्हणत होतो. अर्ध्याच्या वर नुसती लेबलं.

मनवैद्य
जीपी काका, अर्ध्याच्या वर कशावरून? पण भीती रास्त आहे. टॉवेलवाला, तुम्ही इतकं सगळं विचारलंत, बहिणीला विषय कुठला हवाय तेच सांगितलं नाही. इथे सगळे आपापल्या पसंतीची बहीण रंगवतायत.

टॉवेलवाला
खरंय की. तिला काल जेवताना विचारलं. म्हणाली, स्त्रियांचं मानसिक आरोग्य, त्यातही गरोदर बायका आणि बाळंतिणी. वडील जास्तच चिडले. म्हणाले, "बाळंतपणासाठी वेगळा डोक्याचा डॉक्टर? आपल्या आज्जीला अकरा पोरं झाली."

कडक_भाकरी
आज्जीला कुणी विचारलं होतं का, कसं वाटतंय म्हणून?

रात्रपाळी
कडक_भाकरी, आज पहिल्यांदा तुमच्याशी पूर्ण सहमत.

टॉवेलवाला, वडिलांना हे वाचून दाखवा. दर हजार बाळंतपणांमागे एक-दोन बायकांना पहिल्या काही दिवसांत, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, बाळंतपणानंतरचा सायकोसिस होतो. झोप उडते, अखंड बडबड, "हे बाळ माझं नाही", कधी बाळाच्या जिवाला धोका. घरचे बाहेरची बाधा म्हणून धागेदोरे करत बसतात आणि मोलाचे दिवस जातात. हा आजार वेळेत ओळखला तर खूप चांगला बरा होतो, म्हणून तर चुटपूट लागते. ज्यांना आधी बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य) आहे त्यांना याचा धोका कितीतरी जास्त. नैराश्य तर याहून कितीतरी जणींना होतं.

औषधांचाही गुंता आहे. व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि बायपोलरवरचं औषध) चालू असताना गर्भ राहिला तर साधारण दहातल्या एका बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ते शक्यतो देत नाहीत. बायपोलरवरच्याच लिथियमची रक्तातली पातळी गरोदरपणात खाली येते आणि बाळंत झाल्यावर वर जाते. हे सगळं एमडीत शिकवतात, पण अशा किती बायका रेसिडेंटच्या हाताखालून जातात? निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र दाखल करण्याचा खास वॉर्ड आहे. तिथे वर्षभर राहिलेली मुलगी दोन मिनिटांत ओळखते की आई नुसती थकलीय की काही बिघडलंय.

प्रसूतिगृह_जुळे
जुळे सोलापुरात माझं छोटं प्रसूतिगृह आहे. इतके दिवस नुसती वाचत होते, आता राहवलं नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी पुण्याला किंवा हैदराबादला दिलेली असते, सातव्या महिन्यात ती इथे येते. तिची मानसोपचाराची फाईल सासरच्या गावी राहते. बऱ्याचदा माहेरच्यांनाही ठाऊक नसतं की तिला गोळ्या चालू होत्या, कारण सासरी सांगू दिलेलं नसतं. किंवा नवऱ्याला माहीत नसतं, कारण माहेरच्यांनी लग्नाआधी लपवलेलं. दिवस राहिले की गोळ्या परस्पर बंद. माझ्यासमोर येते तेव्हा फाईलवर फक्त हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी. बाळंत झाल्यावर चौथ्या रात्री फोन: "मॅडम, पोरगी वेड्यासारखं करायलीय."

अशा वेळी कुणाला फोन करायचा, हा माझा प्रश्न आहे. शहरातले मानसोपचारतज्ज्ञ येतात, चांगले येतात. पण स्तनपान चालू ठेवून कुठलं औषध, किती, यावर ठाम उत्तर देणारं कुणी मिळालं तर मी तिला पहिल्या दिवसापासून पेशंट पाठवीन.

टॉवेलवाला
मॅडम, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. गप्प बसून ऐकलं, मग नेमका धंद्याचा प्रश्न काढला: "ओली बाळंतीण रेल्वे लाईन्सच्या वेड्यांच्या दवाखान्यात कोण आणणार?"

प्रसूतिगृह_जुळे
अगदी बरोबर प्रश्न. कुणीच आणणार नाही. म्हणून आणू नका. तिने माझ्याकडे आठवड्यातून एक दुपार बसावं. बाहेर मानसोपचाराची पाटीही नको, इतर तपासण्यांबरोबर ही पण एक तपासणी. माझ्यासारख्या आणखी चार-पाच जणी तयार होतील, मी विचारते.

बाळीवेस_जीपी
हे पटलं. मी माघार घेत नाही, सोलापूरला जनरल हवेतच. पण या मुलीच्या बाबतीत एक वर्ष जाऊ द्या. नंतर ओपीडी तर करणारच आहे ती. आणि दहा खाटा कशाला? अशा दाखल रुग्णांसाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ची नोंदणी, मनुष्यबळ, रात्रीचा स्टाफ, सगळं आलं. खाटांच्या हप्त्यापायी जे पेशंट घरी बरे होतील त्यांना दाखल करायचा मोह होतो, मी हे उघड्या डोळ्यांनी बघितलंय.

टॉवेलवाला
खाटांचं वडिलांच्या कानावर घातलं. आता ते फक्त तळमजला भाड्याने घ्यायचं बोलतायत, तेही बहीण परत आल्यावर. बहीण फॉर्मची तारीख बघतेय. आधीच्या दोन फेलोंचे नंबरही मिळवलेत, फसलेला_फेलो यांचे प्रश्न तिने वहीत उतरवून घेतले.

कडक_भाकरी
अन् वरच्या मजल्यावर टॉवेल ठेव. ते दाखल करून घ्यायला नोंदणी लागत नाही.

शेंगाचटणी
बंगळूरला उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, तिकीट लवकर काढा. चटणी जास्त द्या बरोबर, होस्टेलात पहिल्या आठवड्यात फडशा पडतो.

नवा_सभासद_सांगोला
माझा भाचा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने मानसोपचार घ्यावं की रेडिओलॉजी?

धागापाल
नवीन धागा काढा.